सनद आणि पगार

राज्याच्या अर्थसंकल्पाची पुस्तके ज्यांनी हाताळली आहेत त्यांना त्यांतले दोन शब्द परिचयाचे असतील : 'दत्तमत' आणि 'भारित'. सभागृहाने मतदान करून मंजूर करावयाचा खर्च तो दत्तमत. ज्यावर सभागृहात चर्चा होऊ शकते पण मतदान होत नाही, तो भारित. नोकरीच्या सुरुवातीला, महाराष्ट्रापासून बऱ्याच दूरच्या एका जिल्ह्यात कोषागाराचे काम शिकत असताना मी तिथल्या एका वयस्क लेखापालांना विचारले होते, की उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन भारित आणि शाळामास्तरांचे दत्तमत, असे का? त्यांनी रजिस्टरातून मान वर न काढता सांगितले, पहिल्यापासून असेच आहे. पहिल्यापासून म्हणजे केव्हापासून, हा प्रश्न मात्र माझ्याकडे तसाच राहिला. पुढे अनेक वर्षांनी अमेरिकेच्या वसाहतकाळाचा इतिहास वाचताना त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग हाती लागला, आणि तोही सन १७२८ च्या बॉस्टन शहरात.

अमेरिकेच्या राज्यघटनेची कथा सांगताना लॉक आणि मोंतेस्क्यू यांच्या ग्रंथांपासून सुरुवात करण्याची पद्धत आहे. ती चूक आहे असे मी म्हणणार नाही. फिलाडेल्फियाला जमलेल्या मंडळींनी हे ग्रंथ वाचलेले होतेच. परंतु ज्याचे आयुष्य फायलींत गेले आहे त्याला या इतिहासात ग्रंथांच्या आधी दफ्तर दिसते. राजाने दिलेल्या सनदा, कंपनीच्या बैठकांची इतिवृत्ते, कराच्या मागण्या, थकलेले पगार. अमेरिकन शासनाची बरीचशी तत्त्वे या दफ्तरातच तयार झाली.

इंग्लंडच्या राणी एलिझाबेथने ३१ डिसेंबर १६०० रोजी ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. त्यानंतर सुमारे सव्वापाच वर्षांनी, एप्रिल १६०६ मध्ये, तिच्यामागून आलेल्या जेम्स राजाने व्हर्जिनिया कंपनीला सनद दिली. दोन्ही कंपन्या लंडनच्या, दोहोंचे भागधारक पुष्कळदा तेच. ईस्ट इंडिया कंपनीचे पहिले गव्हर्नर सर थॉमस स्माइथ हेच १६०९ ते १६१९ या काळात व्हर्जिनिया कंपनीचे खजिनदार, म्हणजे प्रत्यक्षात तिचे प्रमुख होते. एकाच माणसाच्या मेजावर सुरतेची पत्रेही येत आणि जेम्सटाऊनचीही. फरक एवढाच, की पूर्वेकडे जाणारे लोक व्यापार करून परत यावयाचे होते, आणि पश्चिमेकडे जाणारे तिथेच राहावयाचे होते. म्हणून व्हर्जिनियाच्या सनदेत एक कलम घातले गेले : तिथे राहणाऱ्या प्रजेला आणि त्यांच्या मुलाबाळांना, ती इंग्लंडमध्येच जन्मली असती तर जी स्वातंत्र्ये मिळाली असती, ती सर्व मिळतील. लोकांना तिकडे जाण्यास राजी करण्यापुरते ते कलम असावे. त्याच्या आधारे पावणेदोनशे वर्षे भांडण चालेल असे लंडनमध्ये कोणाच्या स्वप्नातही नव्हते. ज्या भूमीवर ही वसाहत होणार होती तिथे पौहॅटन लोकांची वस्ती होती, आणि सनदेत त्यांची संमती घेण्याचा विचारही नव्हता, ही गोष्टही इथेच नोंदवून ठेवली पाहिजे.

जेम्सटाऊनची पहिली वर्षे भयंकर गेली. १६०९-१० च्या हिवाळ्यानंतर तिथे साठेक माणसे जिवंत उरली होती. पुढे कंपनीने लष्करी कायदा लावला. क्षुल्लक गुन्ह्याला मृत्युदंड होता. तरीही वसाहत नफ्यात येईना. माणसे स्वतःची जमीन आणि काही एक हक्क मिळाल्याखेरीज टिकत नाहीत, हे व्यापाऱ्यांच्या ध्यानी आले. ३० जुलै १६१९ रोजी जेम्सटाऊनच्या चर्चमध्ये गव्हर्नर यर्डली याच्यापुढे अकरा वस्त्यांचे प्रतिनिधी जमले. नव्या जगातली इंग्रजांची ही पहिली विधिसभा. ती सहा दिवस चालली, उकाडा असह्य होता, एक सभासद तर मधेच मरण पावला. या सभेने तंबाखूचे भाव ठरवले, आळसाला आणि जुगाराला दंड ठरवला. पण मला त्यातला सर्वांत मोलाचा वाटतो तो पहिल्याच दिवशीचा एक वाद. कॅप्टन मार्टिन नावाच्या जमीनदाराच्या सनदेत, त्याची जमीन वसाहतीच्या कायद्यांतून मुक्त राहील असे लिहिलेले होते. सभेने त्याच्या दोन प्रतिनिधींना बसू दिले नाही. जे कायदा पाळण्यास बांधील नाहीत त्यांनी कायदा करायला बसू नये, असा तो सरळ हिशेब होता.

त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस एका जहाजातून वीस-बावीस आफ्रिकन माणसे व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर आणून धान्याच्या बदल्यात दिली गेली. प्रतिनिधींची सभा आणि माणसांची विक्री यांच्यात एका महिन्याचेही अंतर नाही. १६२४ मध्ये राजाने कंपनीची सनद रद्द करून व्हर्जिनिया थेट आपल्या ताब्यात घेतली, परंतु त्याच वर्षी तिथल्या सभेने ठराव केलेला होता, की सभेच्या संमतीशिवाय गव्हर्नरने कोणताही कर बसवू नये. कंपनी गेली तरी सभा राहिली.

उत्तरेकडची हकीकत निराळी आहे. 'मेफ्लॉवर' जहाजातील १०२ प्रवासी १६२० च्या नोव्हेंबरात जिथे पोचले ती जागा त्यांच्या परवान्याच्या हद्दीबाहेर होती. तेव्हा जहाजावरचे काहीजण म्हणू लागले, की इथे आम्हांला हुकूम करण्याचा अधिकार कोणालाच नाही. कायदेशीर दृष्ट्या त्यांचे म्हणणे बरोबर होते! म्हणून उतरण्यापूर्वी ४१ पुरुषांनी एका करारावर सह्या करून आपले आपणच एक शासन उभे केले. या कराराचा गौरव पुष्कळ झाला आहे. माझ्या मते तो हद्दीच्या बाहेर सापडलेल्या माणसांनी तातडीने काढलेला मार्ग होता, आणि म्हणूनच तो अधिक वाचनीय आहे.

खरी मौज आहे ती मॅसॅच्युसेट्स बे कंपनीच्या सनदेत. १६२९ ची ही सनद नेहमीच्या व्यापारी कंपनीची होती : एक गव्हर्नर, एक उपगव्हर्नर, अठरा सहायक आणि भागधारकांची सर्वसाधारण सभा. फक्त ही सभा कुठे भरवावी ते त्यात लिहिलेले नव्हते. बाकी सगळ्या कंपन्यांच्या सभा लंडनमध्ये होत. जॉन विंथ्रोप आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्या गाळलेल्या ओळीचा फायदा घेतला. १६३० मध्ये सनदेचा कागदच त्यांनी जहाजात घालून अमेरिकेला नेला. कंपनीची वार्षिक सभा ही वसाहतीची विधिसभा झाली, भागधारक हे नागरिक झाले, आणि कंपनीचा निवडलेला गव्हर्नर हा राज्याचा निवडलेला गव्हर्नर झाला. ईस्ट इंडिया कंपनीची सनद लंडनमध्येच राहिली आणि तिच्या सभेत मद्रासचा किंवा मुंबईचा रहिवासी कधी बसला नाही. दोन देशांच्या पुढल्या इतिहासातील फरकाचा एक मोठा वाटा मला या जहाजातून गेलेल्या कागदात दिसतो.

विंथ्रोप हा काही लोकशाहीवादी नव्हता. सनद त्याने स्वतःजवळ ठेवली आणि कारभार मूठभर सहायकांच्या हातून चालवला. दोनच वर्षांत वॉटरटाऊन गावाला तटबंदीसाठी कर मागण्यात आला, तेव्हा तिथल्या धर्मोपदेशकाने लोकांना सांगितले, की असा पैसा देणे म्हणजे पुढल्या पिढ्यांसकट गुलामीत जाणे आहे. अधिकाऱ्यांनी त्यांना बोलावून समज दिली, त्यांनी चूक कबूल करून तसे लिहूनही दिले. पण त्यानंतर काही महिन्यांतच कराच्या बाबतीत सल्ला देण्यासाठी प्रत्येक गावाने दोन माणसे निवडावीत असे ठरले. कारभाराचा अनुभव असलेल्या वाचकांना हा प्रकार ओळखीचा वाटेल : अर्जदाराला माफी मागायला लावायची आणि मग त्याचा अर्ज मंजूर करायचा.

१६३४ साली गावोगावचे प्रतिनिधी विंथ्रोपकडे गेले आणि म्हणाले, आम्हांला सनद वाचायची आहे. वाचल्यावर त्यांना दिसले, की कायदे करण्याचा अधिकार सहायकांना नसून सर्व सभासदांच्या सभेला दिलेला आहे. विंथ्रोपने सभासद फार झाल्याची अडचण सांगितली. त्यावर सभासदांनी प्रतिनिधी पाठवण्याची रीत घातली, आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत विंथ्रोपला बाजूला करून दुसरा गव्हर्नर निवडला. (सभासद म्हणजे चर्चचे सदस्य असलेले पुरुष, सारे रहिवासी नव्हेत.) मूळ कागद पाहण्याची मागणी ही कोणत्याही कारभारातील सर्वांत अस्वस्थ करणारी मागणी असते. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ साली आपल्याकडे आला तेव्हा अनेक कार्यालयांत पसरलेली अस्वस्थता मी जवळून पाहिली आहे, म्हणून १६३४ च्या त्या बैठकीतला विंथ्रोपचा चेहरा मी कल्पू शकतो.

पुढे एका डुकरिणीवरून या सभेची दोन सभागृहे झाली, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. शर्मन नावाच्या बाईची हरवलेली डुकरीण कीन या धनाढ्य व्यापाऱ्याने मारली असा तिचा आरोप होता. प्रकरण वर्षानुवर्षे चालून १६४२ मध्ये सर्वसाधारण सभेपुढे आले. गावांचे प्रतिनिधी बहुसंख्येने बाईच्या बाजूचे, सहायक बहुसंख्येने व्यापाऱ्याच्या बाजूचे. सहायकांना नकाराधिकार आहे की नाही यावर भांडण पेटले आणि १६४४ मध्ये दोन्ही गट वेगवेगळे बसू लागले.

या सर्व भानगडींतून एक सवय तयार झाली. अधिकार कागदातून येतो, आणि कागदाबाहेरचे कृत्य रद्दबातल असते. ती सवय दोन्ही बाजूंना होती. १७२८ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने कनेटिकट वसाहतीचा वारसाविषयक कायदा सनदेशी विसंगत म्हणून रद्द केला. न्यायालयाने विधिमंडळाचा कायदा घटनाबाह्य ठरवण्याची पुढची अमेरिकन रीत या वाटेवरचीच आहे. राजा दुसऱ्या जेम्सने १६८६ मध्ये उत्तरेच्या वसाहती एकत्र करून अँड्रॉस या गव्हर्नरच्या हाती दिल्या आणि विधिसभा मोडीत काढल्या, तेव्हा कनेटिकटच्या लोकांनी आपली सनद एका ओक वृक्षाच्या ढोलीत लपवली अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, इंग्लंडमध्ये जेम्सचे राज्य गेल्याची वार्ता येताच बॉस्टनकरांनी एप्रिल १६८९ मध्ये अँड्रॉसला कैद केले, हे मात्र खरे. मॅसॅच्युसेट्सला १६९१ मध्ये नवी सनद मिळाली. तिच्यात गव्हर्नर राजाने नेमावयाचा होता आणि सभा लोकांनी निवडावयाची होती.

इथून पगाराचा प्रश्न सुरू होतो. अठराव्या शतकात बहुतेक वसाहतींत गव्हर्नरची नेमणूक राजाकडून होई. हुकूम लंडनहून येत, परंतु पगार द्यायचा तो वसाहतीच्या सभेने मंजूर केलेल्या पैशातून. सभांनी हे हत्यार लवकरच ओळखले. वर्षाचा पगार एकदम ठरवून द्यायचा नाही. गव्हर्नरने वर्षभर काय केले, कोणत्या विधेयकांवर सही केली ते पाहायचे आणि मग त्या वर्षापुरती रक्कम 'भेट' म्हणून द्यायची.

जुलै १७२८ मध्ये विल्यम बर्नेट हा नवा गव्हर्नर बॉस्टनला आला. वर्षाला १,००० पौंड स्थायी वेतन कायद्याने ठरवून घ्यावे अशी राजाची लेखी सूचना त्याच्याजवळ होती. सभेने त्याचे थाटात स्वागत केले आणि एका वर्षापुरती घसघशीत रक्कम देऊ केली. त्याने ती नाकारली. त्याला रक्कम वाढवून नको होती, स्थायी हवी होती. सभेला रक्कम वाढवून देण्यास हरकत नव्हती, स्थायी करण्यास होती. पैशावरून चाललेल्या या भांडणात दोन्ही पक्षांना पैसा गौण होता. बॉस्टनच्या नगरसभेने स्थायी वेतनाविरुद्ध एकमताने ठराव केला. शहराचे वारे लागून प्रतिनिधी बिघडतात असे म्हणून बर्नेटने सभाच सेलम गावी हलवली. प्रतिनिधी तिथेही नमले नाहीत. सप्टेंबर १७२९ मध्ये बर्नेट वारला, तोपर्यंत त्याला स्थायी वेतन मिळालेले नव्हते. बॉस्टनला राहणाऱ्या किंवा तिथे जाऊन आलेल्या वाचकांनी तिथली १७१३ साली बांधलेली जुनी विटांची शासकीय इमारत पाहिली असेल. त्या झगड्याचा आरंभ तिथे झाला.

याचा उत्तरार्ध आणखी गमतीचा आहे. सभेने आपली बाजू मांडण्यासाठी जोनाथन बेल्चर याला लंडनला पाठवले होते. बर्नेट वारल्यावर बेल्चरने तिथे खटपट करून गव्हर्नरपद स्वतःसाठीच मिळवले, आणि परत येताना त्याच्या खिशात स्थायी वेतन मागण्याची तीच सूचना होती. अर्थात सभेने त्यालाही नाही म्हटले. अखेर लंडननेच माघार घेऊन त्याला वर्षावर्षाची भेट स्वीकारण्याची मोकळीक दिली. नॉर्थ कॅरोलिनाचा गव्हर्नर जॉन्स्टन १७५२ मध्ये वारला तेव्हा त्याचा अनेक वर्षांचा पगार थकलेला होता. तिकडे प्रजेचे तरी म्हणणे असे होते, की जो माणूस आमच्यावर राज्य करण्यास येतो त्याला आमच्याकडे वर्षातून एकदा यावेच लागेल.

फ्रान्सबरोबरचे युद्ध १७६३ मध्ये संपले तेव्हा ब्रिटनवर १२ कोटी पौंडांहून अधिक कर्ज होते. त्यानंतरची हकीकत शाळेतही शिकवतात. १७६५ चा मुद्रांक कायदा, बहिष्कार, माघार, मग १७६७ ची काच, कागद, रंग, शिसे आणि चहा यांवरील जकात. या जकातीच्या कायद्याचा उद्देश मात्र पाठ्यपुस्तकांत क्वचितच सांगतात. तो त्या कायद्याच्या आरंभीच लिहिलेला आहे : वसाहतींतील न्यायदान आणि मुलकी कारभार यांचा खर्च या पैशातून भागवावा. म्हणजे गव्हर्नर आणि न्यायाधीश यांचा पगार वसाहतवाल्यांच्याच खिशातून जाणार होता, पण त्यांच्या सभेच्या हातून जाणार नव्हता. बर्नेटला जे मिळाले नाही ते आता जकातीच्या मार्गाने मिळणार होते. वसाहतीतल्या वकिलांनी आणि व्यापाऱ्यांनी ते ताबडतोब ओळखले. १७७२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वरिष्ठ न्यायाधीशांचे वेतन राजाकडून दिले जाणार अशी बातमी आली आणि त्यातूनच त्या नोव्हेंबरात सॅम्युएल अॅडम्सच्या खटपटीने बॉस्टनची पत्रव्यवहार समिती स्थापन झाली. क्रांतीची सारी यंत्रणा पुढे या समित्यांवर उभी राहिली. पाच न्यायाधीशांपैकी चौघांनी राजाचे वेतन नाकारले. मुख्य न्यायाधीश पीटर ऑलिव्हर याने ते घेतले. फेब्रुवारी १७७४ मध्ये सभेने त्याच्यावर महाभियोग आणला, आणि त्याच्यासमोर ज्यूरी म्हणून बसण्यास लोकांनी नकार दिला. न्यायालय भरेना.

या ठिकाणी आपल्या देशाकडे पाहणे अपरिहार्य आहे, कारण त्याच पार्लमेंटने १७७३ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी काही आठवड्यांच्या अंतराने दोन कायदे केले, आणि दोन्हींच्या मुळाशी ईस्ट इंडिया कंपनीचे दिवाळे होते. एक चहाचा कायदा, ज्याने कंपनीला आपला शिल्लक चहा थेट अमेरिकेत पाठवण्याची सवलत दिली. दुसरा रेग्युलेटिंग अॅक्ट, ज्याने बंगालमध्ये गव्हर्नर-जनरलचे पद निर्माण केले. या दुसऱ्या कायद्यात पगाराचे आकडे स्पष्ट आहेत : गव्हर्नर-जनरलला वर्षाला २५,००० पौंड, कौन्सिलच्या प्रत्येक सभासदाला १०,०००, मुख्य न्यायाधीशाला ८,०००. रक्कम कुठून द्यायची? कंपनीच्या हिंदुस्थानातील मुलखाच्या महसुलातून. १७७० च्या दुष्काळातून नुकत्याच बाहेर पडलेल्या बंगालच्या रयतेने हा पगार द्यायचा, आणि त्याबद्दल विचारण्याची जागा तिला कुठेही नव्हती. अमेरिकेत जे करू पाहताना साम्राज्याला बंड पाहावे लागले ते इथे एका कलमात झाले. पेनसिल्व्हेनियातील जॉन डिकिन्सन याने १७७३ च्या अखेरीस चहाविरुद्ध लिहिलेल्या पत्रात बंगालच्या दुष्काळाचा उल्लेख करून बजावले होते, की आशियात ज्या कंपनीने हे केले तीच आता आपल्याकडे नजर वळवीत आहे. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बॉस्टनच्या बंदरात कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात गेल्या.

पार्लमेंटने शिक्षा म्हणून १७७४ मध्ये मॅसॅच्युसेट्सची १६९१ ची सनदच बदलली. ४ जुलै १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा लोक त्याच्या आरंभीच्या उदात्त वाक्यांसाठी वाचतात. मी प्रशासक म्हणून त्याचा मधला भाग पुन्हा पुन्हा वाचतो. तो निव्वळ तक्रारअर्ज आहे, मुद्देसूद आणि लांबलचक. त्यात सनदा काढून घेतल्याची तक्रार आहे, संमतीशिवाय कर बसवल्याची आहे, अधिकाऱ्यांची झुंड पाठवून लोकांना छळल्याची आहे, आणि न्यायाधीशांची मुदत व वेतन केवळ राजाच्या मर्जीवर ठेवल्याचीही आहे. इंग्लंडमधल्या न्यायाधीशांना १७०१ च्या कायद्याने या बाबतीत संरक्षण मिळालेले होते. वसाहतींना ते नाकारले गेले, हे त्यांचे दुखणे होते.

स्वातंत्र्यानंतर या लोकांनी पगाराचे काय केले, हा भाग मला सर्वांत उद्बोधक वाटतो. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने १७७८ मध्ये केलेली घटना गावसभांनी फेटाळली. मग स्वतंत्र घटना परिषद बोलावली गेली, जॉन अॅडम्सने मसुदा केला, गावसभांनी तो तपासला आणि १७८० मध्ये घटना अमलात आली. दुरुस्त्यांसह ती आजही चालू आहे. तिच्यात म्हटले आहे, की गव्हर्नर आपल्या निर्वाहासाठी विधिमंडळाच्या सभासदांवर अवलंबून राहू नये, म्हणून त्याला स्थायी मूल्याचे, पुरेसे आणि कायद्याने ठरवलेले वेतन असावे. न्यायाधीशांनाही तसेच. बर्नेटने बावन्न वर्षांपूर्वी मागितले होते ते हेच! त्याच प्रांताने, त्याच्याच वारसांनी ते आपल्या हाताने लिहून दिले. यात विसंगती नाही. गव्हर्नर परका होता तोवर त्याला आवरण्यासाठी पगाराखेरीज दुसरा लगाम नव्हता. गव्हर्नर आपण निवडलेला झाला तेव्हा त्याला आवरण्यासाठी निवडणूक आली, महाभियोग आला. मग पगाराचा लगाम ठेवणे म्हणजे विधिमंडळालाच राजा करणे ठरले असते.

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाच्या परिषदेत हाच विचार संघराज्यासाठी झाला. एक्याऐंशी वर्षांच्या बेंजामिन फ्रँकलिनने सुचवले, की सर्वोच्च कार्यकारी पदाला वेतनच नसावे, फक्त खर्च द्यावा. पैसा आणि सत्ता एका पदाशी जोडल्यास त्या पदामागे वाईट माणसे लागतील, अशी त्याला भीती होती. सूचनेला आदर मिळाला, पण मॅडिसनने नोंदवून ठेवले आहे, की तो आदर सूचनेपेक्षा सूचकाला होता. निःशुल्क पदावर फक्त श्रीमंत बसू शकतात, ही गोष्ट फ्रँकलिनसारख्या कारागीर म्हणून सुरुवात केलेल्या माणसाला सुचू नये याचे मला आश्चर्य वाटते. अखेर ठरले ते असे. अध्यक्षाचे वेतन त्याच्या मुदतीत वाढणार नाही आणि घटणारही नाही. न्यायाधीशांचे वेतन घटणार नाही, मात्र वाढू शकेल, कारण ते आजन्म पदावर आणि चलनाचे मूल्य बेभरवशाचे. मॅडिसनचे म्हणणे होते, की ते वेतन गव्हासारख्या स्थिर मूल्याच्या वस्तूशी जोडावे. सरकारी नोकरांनी या सूचनेत महागाई भत्त्याचे बीज पाहण्यास हरकत नाही. आणि ज्या हत्याराने बर्नेटला नमवले ते टाकूनही दिले नाही. कायद्याने तरतूद केल्याशिवाय तिजोरीतून एक पैसा निघणार नाही, सैन्यासाठी दोन वर्षांहून अधिक मुदतीची तरतूद होणार नाही, ही कलमे घटनेत आहेत. कारभाराची थैली सभेकडे राहिली. त्या थैलीतून अध्यक्षाच्या आणि न्यायाधीशाच्या ताटाचा घास तेवढा वेगळा काढून ठेवला.

१७८९ मध्ये काँग्रेसने जॉर्ज वॉशिंग्टनचे वेतन ठरवले २५,००० डॉलर. सोळा वर्षांपूर्वी वॉरन हेस्टिंग्जसाठी ठरलेला आकडाही २५,०००, पण पौंड. त्या वेळच्या दराने ती रक्कम चौपटीहून अधिक होते.

पगाराच्या या इतिहासातून पूर्णपणे बाहेर राहिलेली माणसे होती ती ज्यांना पगारच नव्हता. त्याच घटनेने प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामांना तीन पंचमांश मोजले, गुलामांच्या आयातीवर १८०८ पूर्वी बंदी घालण्यास मनाई केली, आणि पळालेल्या गुलामाला परत करणे बंधनकारक केले. 'गुलाम' हा शब्द मात्र घटनेत कुठेही येऊ दिला नाही. अप्रिय गोष्ट टिपणीत लिहायची पण तिचे नाव टाळायचे, ही कला फार जुनी आहे. राजधानी फिलाडेल्फियात होती तेव्हा अध्यक्षांच्या घरी माउंट व्हर्ननहून आणलेले गुलाम राबत. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्याने बाहेरून आणलेला गुलाम तिथे सलग सहा महिने राहिल्यास मुक्त होऊ शके. म्हणून मुदत भरण्यापूर्वी त्यांना राज्याच्या हद्दीबाहेर नेऊन परत आणले जाई. त्यांच्यातली ओना जज ही तरुणी मे १७९६ मध्ये निघून गेली आणि न्यू हॅम्पशायरला राहिली. १८४८ मध्ये ती वारली तेव्हा कायद्याच्या दृष्टीने ती अजून कोणाची तरी मालमत्ताच होती. तेरावी घटनादुरुस्ती त्यानंतर सतरा वर्षांनी आली.

आणि अमेरिकेत जो हरला तो आपल्याकडे आला. यॉर्कटाऊनला १९ ऑक्टोबर १७८१ रोजी शरण गेलेला कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर-जनरल झाला. कलेक्टरांना भरभक्कम वेतन देऊन खाजगी व्यापार बंद करण्याचे काम त्याचे, आणि मोठ्या पगाराच्या जागांपासून हिंदी माणसाला दूर ठेवण्याचेही त्याचेच. मुलकी सेवेचा जनक म्हणून आम्हांला प्रशिक्षणात त्याचे नाव शिकवले जाते. १८५८ च्या कायद्याने लंडनमधल्या भारतमंत्र्याचा पगारसुद्धा हिंदुस्थानच्या महसुलावर टाकला. तो ब्रिटनच्या तिजोरीकडे गेला १९१९ च्या सुधारणांनंतर. परकीय अधिकाऱ्यांच्या या खर्चिक यंत्रणेवर नामदार गोखले यांनी १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष देताना बोट ठेवले होते. १८६१ च्या कायद्याने उच्च न्यायालयांचे न्यायाधीश राणीच्या मर्जीपर्यंत पदावर राहत. म्हणजे अमेरिकनांनी १७७६ मध्ये केलेली तक्रार आपल्याकडे १९३५ च्या कायद्यापर्यंत तशीच उभी होती. १९१९ मध्ये निवडून आलेल्या सदस्यांना अंदाजपत्रकावर मत देण्याचा काही अधिकार मिळाला, तेव्हा भारतमंत्र्याने नेमलेल्या अधिकाऱ्यांचे पगार मतदानाबाहेर ठेवण्यात आले. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचेही त्याच यादीत होते. कोषागारातल्या त्या लेखापालांचे 'पहिल्यापासून' हे तिथपर्यंत मागे जाते. आपल्या संविधानाने ती यादी ठेवली पण तिच्यातली नावे बदलली : राष्ट्रपती, राज्यपाल, न्यायाधीश, महालेखापरीक्षक. तुमचा-आमचा पगार तिच्यात नाही. तो दरवर्षी सभागृहासमोर जातो.

अमेरिकेच्या घटनेची सर्वांत अलीकडची, सत्ताविसावी दुरुस्तीही पगाराविषयीच आहे. काँग्रेसच्या सदस्यांनी आपले वेतन बदलले तर मध्ये एक निवडणूक झाल्याशिवाय तो बदल अमलात येऊ नये, असे तिच्यात म्हटले आहे. ती मॅडिसनने १७८९ मध्ये मांडली होती. पुरेशा राज्यांची संमती मिळायला १९९२ चा मे महिना उजाडला.